सोळा हजार दिवसांचा उशीर

दसरा झाला की आमच्या घरी युद्ध पुकारले जाते. शत्रू धूळ, सेनापती सौ., आणि शिडी लावून माळ्याच्या गडावर चढाई करणारा एकुलता एक मावळा म्हणजे प्रस्तुत लेखक. २०२४ साली दसरा शनिवारी आला. दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरच्या रविवारी, सकाळचा दुसरा चहा पोटात जाण्यापूर्वीच हुकूम सुटला, "अहो, चढा आता. गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. ते सांगण्यात वेळ घालवू नका."

माळ्यावर काय नव्हते? पितळेच्या समया, तोटी नसलेली झारी, मुलाचा पाळणा, तीन दांड्यांची छत्री आणि अगदी कोपऱ्यात वडिलांची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत जुनी पत्रे, पंचांगे, डांबराच्या गोळ्यांचा उरलासुरला वास आणि तळाशी धोतराच्या पानात गुंडाळलेले एक पुस्तक.

पुस्तक प्रवासवर्णनाचे होते. मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेले. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा वाटोळा शिक्का होता, आमच्याच विभागातल्या वाचनालयाचा. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी होती. तिच्यावरची अखेरची तारीख १४ नोव्हेंबर १९७८ आणि सभासद क्रमांक २१७.

वाचकहो, सभासद क्रमांक २१७ म्हणजे मी!

शिडीच्या वरच्या पायरीवर मी किती वेळ बसून राहिलो कोण जाणे. खालून आवाज आला, "काय सापडलं?"

"चोर सापडला," मी म्हणालो.

गंमत एवढीच असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु गेली अकरा वर्षे मी त्याच वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. मुदत संपलेली पुस्तके घरी दडपून बसणाऱ्या सभासदांना स्मरणपत्रे पाठविणे हे माझे काम. त्या पत्रांत मी "सार्वजनिक मालमत्ता" हे शब्द दरवेळी ठळक लिहितो.

आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की त्या रविवारी माझ्या सदऱ्याच्या खिशात एक ठराव होता. तो मीच लिहिला होता. वाचनालय बंद करावे, असा तो ठराव होता.

मास्तरांची नोंद

आमचे वाचनालय ठाण्याच्या पलीकडच्या एका उपनगरात आहे. नाव सांगत नाही, कारण अशी वाचनालये गावोगाव आहेत आणि ज्याला त्याला ते आपलेच वाटावे. १९६१ साली चार कारकून, एक शिक्षक आणि एक औषधविक्रेता यांनी ते तळमजल्याच्या दोन खोल्यांत सुरू केले. भर दिवस होते तेव्हा सभासद सहाशेच्या वर होते. संध्याकाळी पाच वाजता देवघेवीच्या खिडकीशी रांग लागे. दिवाळीत तर विचारू नका. दिवाळी अंकांची खास वर्गणी भरली की पाडव्यापासून होळीपर्यंत घरात अंकांचा राबता असे. आवडीच्या अंकासाठी आठ-आठ दिवस आधी नाव लावावे लागे.

त्या काळी ग्रंथपाल म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पगार बेताचा, सदरा ठिगळाचा, पण अक्षर असे की पाहत राहावे. १९७८ च्या डिसेंबरात त्यांनी मला हटकले, "तुझ्याकडे एक प्रवासवर्णन राहिलंय."

मी तेव्हा अठरा वर्षांचा. अठराव्या वर्षी माणसाची चूक होत नसते. मी छातीठोकपणे सांगितले, "मी ते परत केलंय, मास्तर. दिवाळीच्या आधीच." आणि खरोखर माझी तशीच समजूत होती. वडिलांनी ते वाचायला घेतले आणि गावी जाताना ट्रंकेत टाकले, हे मला सेहेचाळीस वर्षांनी माळ्यावर कळले. मी आवाज चढवला. खिडकीशी चार माणसे जमली. मास्तर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "असेल. माझ्याच नोंदीत चूक झाली असेल."

त्या रविवारी दुपारी मी वाचनालयात जाऊन जुन्या नोंदवह्या काढल्या. १९७८ ची वही सापडली. त्या पुस्तकासमोर शेऱ्याच्या रकान्यात मास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिले होते: गहाळ. किंमत रु. १२ ग्रंथपालाच्या वेतनातून वसूल.

मास्तर जाऊन तीस वर्षे झाली. ते बारा रुपये आता कोणाला द्यायचे?

बंद का करावे?

ठराव मी हौसेने लिहिला नव्हता. आमची इमारत पुनर्विकासास जायची होती. नव्या इमारतीत एक खोली मिळणार, पण तीन-चार वर्षांनी. तोवर नऊ हजार पुस्तके ठेवायची कोठे? भाड्याची जागा घ्यावी तर महिन्याचे भाडे आमच्या वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त. सभासद उरले ७४. त्यातलेही निम्मे वर्गणी भरत, पण फिरकत नसत. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. ते आकडे मांडतात तेव्हा माणूस निरुत्तर होतो. त्यांचे म्हणणे सरळ होते. मान रीत राखून दुकान बंद करावे, चांगली पुस्तके मोठ्या ग्रंथालयाला द्यावी, बाकीची रद्दीत काढावी.

आणि योगायोग पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत या भाषांनाही त्याच दिवशी तो मिळाला. आमच्या चौकात पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. त्यानंतर दहा दिवसांनी माझ्या खिशात तो कागद होता! पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जण आमचे सभासद आहेत, हे मी नंतर वहीत पाहिले. दोन.

सभा पुढल्या रविवारी, २० तारखेस होती. तोपर्यंत मला एक काम उरकायचे होते. वाचनालय बंद करायचे तर बाहेर गेलेली पुस्तके परत आणायला हवीत. यादी काढली: ३१ सभासद, ५२ पुस्तके. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "स्मरणपत्रं पाठवून उपयोग नाही. तुम्ही स्वतःच जा." सोमवारी संध्याकाळी खांद्याला पिशवी अडकवून मी निघालो. एक चोर एकतीस चोरांकडे वसुलीला निघाला होता.

वसुलीची फेरी

पहिले घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दार उघडले ते शहाऐंशी वर्षांच्या आजींनी. मला पाहताच म्हणाल्या, "अरे, तू आलास? ये. आठ महिने झाले, मी वाट बघतेय."

"वाट बघताय?"

"मग? माझी तीनही पुस्तकं वाचून झाली. दोनदा झाली. गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही आणि सून रात्री नऊला घरी येते. तुमचं वाचनालय आठला बंद. तिला सुट्टी रविवारी, रविवारी तुम्हालाही सुट्टी! पुस्तकं परत कशी पाठवू?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "पिशवीत काय आहे रे? एखादं प्रवासाचं आहे का? कुठेतरी लांब घेऊन जाणारं?"

पिशवी रिकामी होती. मी वसुलीला आलो होतो, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या घरी एक तरुण. कारखान्यात पाळीने काम करतो. त्याच्याकडे दोन पुस्तके दीड वर्ष पडून होती. मी दंडाची गोष्ट काढताच तो ओशाळला. "काका, मी तीनदा येऊन गेलो. तिन्ही वेळा कुलूप." आमची वेळ पाच ते आठ. ती १९६१ साली ठरली, तेव्हा कचेऱ्या साडेपाचला सुटत आणि कारकून सव्वासहाला स्टेशनवर उतरत. गाड्यांची वेळापत्रके शंभर वेळा बदलली, आमची पाटी बदलली नाही.

तिसऱ्या घरी एक आई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. मुलगी इंग्रजी शाळेत. मराठी अक्षर अक्षर लावून वाचते. गोष्टींचे पुस्तक सहा महिने का ठेवले, असे विचारले तर आई म्हणाली, "रोज एक पान होतं. अजून बारा पानं राहिलीत. ती झाली की आणून देते." मुलीने पुस्तक पाठीमागे लपवले. मी ते मागितले नाही.

गुरुवारपर्यंत एकतीसपैकी सव्वीस घरे झाली. दोन घरे गाव सोडून गेली होती. तिघांनी पुस्तके सरळ हरवली होती. आणि एकवीस जण, वाचकहो, एकवीस जण वाचनाला कंटाळलेले नव्हते. आमच्यापर्यंत पोहोचू न शकलेले होते. कोणाचे गुडघे, कोणाची पाळी, कोणाचे तान्हे मूल. दरवर्षीच्या अहवालात मी "वाचनाची आवड कमी होत चालली आहे" असे लिहीत आलो होतो. ते वाक्य मी कोणालाही न विचारता लिहीत होतो. मास्तरांशी बोललो होतो तितक्याच छातीठोकपणे.

पेटीची जुनी युक्ती

शुक्रवारी मी वाचनालयाच्या कपाटांत तोंड खुपसून बसलो. ज्या संस्थेला आपण मूठमाती द्यायला निघालो तिच्या गोताची माहिती तरी करून घ्यावी, असे मनात आले.

हे गोत मोठे आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांत होते. केवळ मराठी पुस्तकांसाठी ग्रंथालय काढावे, ही कल्पनाच तेव्हा नवी. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्या कायद्यान्वये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसलेली, सरकारी अनुदानावर तग धरून असलेली ग्रंथालये महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या कित्येकांची अवस्था आमच्यासारखीच आहे, हे निराळे सांगायला नको.

पण मला हवे होते ते बडोद्याच्या हकिकतीत सापडले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून आपल्या संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयांचे जाळे विणले. जेथे वाचनालय नव्हते अशा खेड्यांत पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जात. वाचून झाल्या की पेटी परत, दुसरी पेटी हजर. माणूस पुस्तकाकडे येऊ शकत नसेल तर पुस्तकाने माणसाकडे जावे, इतका साधा हिशेब.

हीच युक्ती नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून नव्याने चालवली. 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही महिन्यांनी आपसांत बदलल्या जातात. या पेट्या दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोहोचल्या. आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांचे भिलार तर ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. तेथे पुस्तके एका इमारतीत नाहीत. कोणाच्या ओसरीवर कथा, कोणाच्या पडवीत चरित्रे, देवळात संतसाहित्य. पाहुण्याने जावे, बसावे, वाचावे. म्हणजे ग्रंथालयाला इमारत असलीच पाहिजे, हा नियम कोणी केला?

मद्रासच्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांचा गाभा एवढाच की पुस्तके वापरण्यासाठी असतात, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय हे वाढणारे, बदलणारे सजीव असते. आमच्या भिंतीवर रंगनाथनांची तसबीर होती. दरवर्षी १२ ऑगस्टला तिला हार घालत होतो. नियम मात्र तसबिरीमागे राहिले.

घरी येऊन सौ.ला सारे सांगितले. ती चकल्यांची भाजणी चाळत होती. म्हणाली, "लाकडी पेट्या जिन्यातून कोण उचलणार? तुम्ही? पिशव्या करा. जुने पडदे काढलेत ते जाड आहेत. मी शिवते."

सभा

२० तारखेला सभा झाली. हजर अकरा जण. खजिनदारांनी आकडे मांडले. एकही आकडा चुकीचा नव्हता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ठराव मीच मांडायचा होता.

मी खिशातला कागद काढला आणि त्याऐवजी पिशवीतले ते प्रवासवर्णन टेबलावर ठेवले. त्याची हकिकत सांगितली. मास्तरांचा शेरा वाचून दाखवला. मग सव्वीस घरांची हकिकत सांगितली आणि म्हणालो, "दोन खोल्या जाणारच आहेत. पण बाराशे रुपयांत बारा पिशव्यांची सोय होते. एकेका इमारतीतल्या सात-आठ घरांचा एक गट. पिशवीत आठ पुस्तकं आणि दोन दिवाळी अंक. पंधरा दिवसांनी पिशवी शेजारच्या इमारतीत. उरलेली पुस्तकं ठेवायला कोणीतरी एक खोली द्यावी."

खजिनदार म्हणाले, "एका खोलीत नऊ हजार पुस्तकं मावत नाहीत. किती ठेवणार, तो आकडा सांगा."

हा प्रश्न रास्त होता, आणि येथे गोड गोष्ट संपते. खूप वादावादी झाली. एक गृहस्थ रागावून उठून गेले. शेवटी ठरले ते असे: एका सभासदाने आपले बंद दुकान दोन वर्षांसाठी विनाभाडे दिले. त्यात मावतील तेवढी ३,४०० पुस्तके ठेवायची. जुन्या, दुर्मिळ ग्रंथांचे आणि बांधीव मासिकांचे ९०० खंड एका मोठ्या ग्रंथालयाला द्यायचे. ३,२०० पुस्तके खेड्यांतल्या शाळांना आणि लहान वाचनालयांना द्यायची. राहिली १,५००. त्यांना वाळवी आणि कसर लागलेली. ती रद्दीत.

निवड करण्याचे काम माझ्याकडे आणि बाईंकडे आले. ते सात दिवस मी विसरणार नाही. हातात पुस्तक घ्यायचे, पाने उलटायची, आणि उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचे. जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे निघाले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि महाराष्ट्राला फराळाबरोबर वाचनाचे ताट लावून दिले. त्या परंपरेतली किती मानकरी मंडळी त्या गठ्ठ्यांत होती! दीनानाथ दलालांची 'दीपावली', अंतरकरांचा 'हंस', १९८२ साली बंद पडलेली 'सत्यकथा', पाटकरांचा 'आवाज'. 'आवाज'च्या खिडकीचित्रांच्या खिडक्या उघडून उघडून पार तुटल्या होत्या. बाई म्हणाल्या, "हा अंक सगळ्यांनी वाचलाय, याचा हा दाखला." तो आम्ही ठेवला.

शनिवारी रद्दीवाला आला. तराजू लावला. दीड हजार पुस्तके किलोवर मोजून गेली. खजिनदार शेजारीच उभे होते. शेवटचा गठ्ठा उचलला गेला तेव्हा त्यांनी त्यातून एक पुस्तक ओढून काढले, काखेत मारले आणि काही न बोलता घरी गेले. कोणते पुस्तक, ते मी विचारले नाही.

पिशवी आली!

२७ ऑक्टोबरचा रविवार. दुसऱ्या दिवशी वसुबारस. सकाळी नऊ वाजता बारा पिशव्या बारा इमारतींत पोहोचल्या. पिशव्यांवर आमच्या दिवाणखान्याच्या पडद्यांची निळी फुले होती, त्यामुळे प्रत्येक घरात सौ.चे नाव झाले आणि माझे नाही. ते योग्यच होते.

आता या गोष्टीस बरेच दिवस लोटले. हिशेब द्यायला हवा, कारण खजिनदारांची सवय मला लागली आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस बारा पिशव्यांच्या एकोणीस झाल्या आणि ७४ सभासदांचे १३१. चार पुस्तके गहाळ झाली. एक अख्खी पिशवी रिक्षात राहिली. ती परत आली नाही. कोणीतरी वाचत असेल, असे आम्ही धरून चाललो आहोत. दोन गटांत भांडणे झाली, कारण एका घरी पिशवी मुक्कामालाच राहिली. दिवाळी अंक मात्र फाटेस्तोवर वाचले गेले. कारखान्यातला तो तरुण आता एका पिशवीचा पालक आहे. रात्री दहाला पिशवी बदलतो.

एक गोष्ट आम्ही ठरवून केली नव्हती. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीस ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत संमेलन झाले होते, त्यानंतर हे पहिलेच. अध्यक्ष होत्या लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष आणि अरुणा ढेरे यांच्यानंतरच्या त्या सहाव्या महिला अध्यक्ष. आमच्यापैकी कोणी दिल्लीस गेले नाही. पण एका पिशवीत लोकसाहित्यावरचे एक पुस्तक होते, आणि ते वाचून त्या इमारतीतल्या बायकांनी गच्चीवर संध्याकाळी बैठक घातली. विषय काय, तर जात्यावरच्या ओव्या. जाते कोणाच्याच घरी नाही. पण तीन म्हाताऱ्यांना ओव्या पाठ होत्या. एकीला पन्नासाहून अधिक! तिच्या नातीने त्या दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित केल्या आणि मग वहीत उतरवल्या. ती वही आता पिशवीतून फिरते. तिला आम्ही नोंदणी क्रमांकही दिला आहे. आमच्या वाचनालयाने वाचकांना पुस्तके दिली, त्यात नवल नाही. वाचकांनी वाचनालयाला पुस्तक दिले, ते पहिल्यांदाच घडले.

गोष्टींचे पुस्तक लपवणाऱ्या त्या मुलीने उरलेली बारा पाने संपवली. पुस्तक परत देताना तिने मला विचारले, "काका, हिच्यापुढची गोष्ट कुठल्या पिशवीत आहे?"

वाचकहो, तुमच्याही विभागात असे एखादे वाचनालय असेल. त्याची पाटी तुम्ही येताजाता पाहत असाल. ते बंद पडले आहे की नुसते कुलूप आहे, हे एकदा आत डोकावून पाहा. तुमच्या माळ्यावर जांभळा शिक्का असलेले एखादे पुस्तक असेल तर लाज वाटून घेऊ नका. घेऊन जा. तेथला चिटणीस तुम्हाला रागावणार नाही. त्याच्याही घरी माळा असतो.

राहता राहिला माझा दंड. १९७८ सालच्या नियमाप्रमाणे दिवसाला पाच पैसे. १४ नोव्हेंबर १९७८ पासून १३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत दिवस झाले १६,७७०. रक्कम रु. ८३८.५०. खजिनदारांनी सवलत दिली नाही. मी मागितलीही नाही. पावती फाडून हातात देताना ते म्हणाले, "पुस्तकाला नवं मुखपृष्ठ लावा. त्याचा खर्च वेगळा."

मास्तरांचे बारा रुपये कोणाला द्यायचे, हे शेवटपर्यंत उमगले नाही. मास्तरांची एक मुलगी नाशकास असते असे कळले. तिला पत्र लिहून सारी हकिकत कळवली आणि क्षमा मागितली. तिचे उत्तर आले. पैसे नकोत, त्या पैशांत लहान मुलांसाठी काहीतरी घ्या, एवढेच तीत होते. बारा रुपयांत आता मुलांचे पुस्तक येत नाही. उरलेले पैसे मी घातले.

पुस्तकाला खाकी मुखपृष्ठ लावले आणि ते पहिल्याच पिशवीतून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे पाठवले. त्यांना लांब कुठेतरी जायचे होते.

आणि १९७८ ची वही पुन्हा काढली. "गहाळ" या शब्दापुढे थोडी जागा होती. माझे अक्षर मास्तरांसारखे नाही, तरी जमेल तितके सावकाश लिहिले: पुस्तक सापडले. मास्तरांची नोंद बरोबर होती.